कणकण

उमाकांत मुसळेच्या उजव्या दंडात तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र होतं आणि कमरेला काडेपेटीएवढा एक पंप. दोन्ही मिळून कंपनीनं त्याला नाव दिलं होतं 'राखण'. रोज सकाळी सात वाजता राखण भिंतीवरच्या स्पीकरमधून गोड बायकी आवाजात विचारायची, "सुप्रभात, उमाकांतजी. आज तब्येत कशी आहे?"

इचलकरंजीत छप्पन्न वर्षं काढलेल्या माणसाला सकाळी सकाळी कुणी 'सुप्रभात' म्हणत नाही. 'उमाकांतजी' तर त्याच्या लग्नाच्या पत्रिकेतही छापलेलं नव्हतं. पण उमाकांतला राखणचं सगळं चालायचं. तो जन्माचा जॉबर. यंत्रमाग अडला की ज्याला हाक मारायची, आणि ज्यानं पान्हा हातात घेतल्याशिवाय कुणी मागाला हात लावायचा नाही, तो जॉबर. माणसं खोटं बोलतात, यंत्र बोलत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

राखणचं मराठी मात्र सुरुवातीला यथातथाच होतं. पहिल्या वर्षी एकदा "आज अंग मोडून आलंय" असं तो बोलून गेला आणि वीस मिनिटांत गल्लीत ॲम्ब्युलन्स हजर. राखणनं हाड मोडल्याची नोंद केली होती. दोघं जण स्ट्रेचर घेऊन धापा टाकत जिना चढले, तर पेशंट पोह्यांवर लिंबू पिळत बसलेला. गल्ली आठवडाभर हसली. कंपनीनं दिलगिरी व्यक्त केली आणि शब्द दुरुस्त करून घेतला. पुढं 'डोकं उठलंय' आलं, 'पोटात कालवतंय' आलं. चौथ्या वर्षी राखण बऱ्यापैकी मराठी बाई झाली होती. एक शब्द तेवढा राहून गेला होता, कारण तो वापरायची वेळच आली नव्हती.

चार वर्षांपूर्वी उमाकांतच्या अंगात बसवलेली किडनी शशिकांतची होती. शशी म्हणजे उमाकांतचा धाकटा भाऊ. वडलांची शेड तो चालवायचा, घराच्याच तळमजल्यावर, आठ माग. लग्न केलं नव्हतं. कुणी विषय काढलाच तर म्हणायचा, "आठ बायका हायत, नववी कुठं ठेवू?" मिरजेला डॉक्टरांनी भावाची किडनी जुळते म्हणून सांगितलं, तेव्हा उमाकांतनं विचारायला तोंड उघडायच्या आतच हा पठ्ठ्या अर्ज भरून मोकळा झाला होता.

ऑपरेशननंतर उमाकांतची रवानगी गच्चीवरच्या खोलीत झाली. खाली सूत, सुताचा भुगा, वंगणाचा वास. वर स्वच्छ हवा. त्याची बायको शैलजा मधल्या मजल्यावर राहायची आणि जेवण वर आणून द्यायची. गच्चीवर त्याला करमणूक अशी एकच: पारवे. रोज मूठभर कण्या टाकायच्या आणि ते भांडताना बघत बसायचं. हॉस्पिटलच्या पुस्तिकेत 'पाळीव पक्ष्यांचा संपर्क टाळावा' असं लिहिलेलं शैलजानं एकदा वाचून दाखवलं होतं.

"पाळलेत कुठं?" तो म्हणाला. "आपले आपण येतात, आपले आपण जातात."

आता राखण नेमकं काय करायची तेही सांगायला हवं. दुसऱ्याचा अवयव अंगात बसवला की शरीर त्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून शरीराची लढण्याची ताकद औषधानं जन्मभर दाबून ठेवावी लागते. जास्त दाबली तर कुठलाही सोम्यागोम्या जंतू आत शिरून ठाण मांडतो. कमी दाबली तर शरीर किडनीचा फडशा पाडतं. पूर्वी डॉक्टर महिन्यातून एकदा रक्त तपासून गोळ्या ठरवायचे. राखण तेच काम दर तासाला करायची. कातडीखालच्या पाण्यात ती तीन गोष्टी बघायची. औषध किती उरलंय. किडनीच्या मेलेल्या पेशींतून सुटलेले शशीच्या डीएनएचे तुकडे किती आहेत. आणि शरीरात जंतूंशी लढाई पेटल्याची काही रासायनिक खूण दिसते का. त्यावरून पंप औषध कमी-जास्त करायचा, आणि लढाईची खूण दिसली की मिरजेत डॉक्टरांच्या टेबलावर घंटा वाजायची.

यात एक गोम होती. ज्या शरीराची लढायची ताकदच दाबलेली आहे, त्यात जंतू शिरला तरी लढाई होत नाही. ताप चढत नाही, सूज येत नाही, खूण दिसत नाही. कुत्र्याचं तोंड आपणच बांधायचं आणि ते भुंकलं नाही म्हणून चोर आलाच नाही असं समजायचं, यातला प्रकार. कंपनीच्या शास्त्रज्ञांना हे ठाऊक होतं. म्हणूनच तर सकाळचा तो प्रश्न होता. यंत्राला जे दिसत नाही ते माणसाच्या तोंडून काढून घ्यायचं. योजना चांगली होती. फक्त माणूस मराठी बोलत होता.

संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील. राखणनं तब्येत विचारली आणि उमाकांत म्हणाला, "तशी बरी आहे. जरा कणकण वाटतीय."

राखण क्षणभर थांबली. "नोंद घेतली. खिडक्या बंद ठेवा. खोली ओल्या फडक्यानं पुसून घ्या."

उमाकांतला नवल वाटलं, पण शंका आली नाही. आपण लक्षण सांगितलं, तिनं थेट कारणाला हात घातला, असं त्यानं धरलं. चांगला जॉबरही तेच करतो. मालक सांगतो माग खडखडतोय, आणि जॉबर काही न बोलता भलताच कुठला तरी बोल्ट आवळतो. त्यानं उठून स्वतः खोली पुसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कणकण. पुन्हा ओलं फडकं. थर्मामीटर लावला तर पारा जागचा हलेना. पण अंगात काहीतरी पेटायच्या बेतात असल्यासारखं वाटायचं, पांघरूण घ्यावं की टाकावं ते कळायचं नाही. शैलजाला यातलं त्यानं काही सांगितलं नाही. ती ताट घेऊन वर आली आणि "कसं वाटतंय?" म्हणाली की त्याचं उत्तर ठरलेलं, "बरं आहे." चार वर्षं बाईनं आपल्यापायी घास सुखानं खाल्ला नाही, आता बारीकसारीक दुखण्यांनी तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा? दुखणं अंगावर काढायची मुसळ्यांच्या घरात पद्धतच होती. वडलांनी तर न्यूमोनिया अंगावर काढला होता, म्हणजे काढायला घेतला होता. खरं काय ते उमाकांत फक्त राखणला सांगायचा. तो शब्द घरातल्या एकाही माणसाच्या कानावर पडला नाही.

शैलजाच्या मोबाईलवर आठवड्याचा अहवाल यायचा. पहिल्या आठवड्यात आलं, धुळीची तक्रार सात दिवसांपैकी सात दिवस. दुसऱ्या आठवड्यात तेच. एव्हाना उमाकांतचं जेवण निम्म्यावर आलं होतं, डोकं दिवसभर बारीक ठणकायचं आणि गालफडं दिसायला लागली होती. तिसऱ्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. रुग्णाच्या निवासाखाली यंत्रमाग असल्याचे नोंदीवरून दिसते. धुळीचा स्रोत कायमचा बंद करावा. अन्यथा फुप्फुसाला संसर्ग होऊन जिवास धोका संभवतो.

शैलजानं पत्र दोनदा वाचलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"भावजींना तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मीच सांगतो," उमाकांत म्हणाला.

तो मास्क लावून शेडच्या दारात उभा राहिला. आठ मागांच्या खडखडाटात बोलणं शक्यच नव्हतं. शशीनं त्याला पाहिलं आणि एकेक माग बंद करत आला. शेवटचा थांबला तेव्हा शेडमध्ये इतकी शांतता झाली की दोघंही अवघडले.

"वरनं खाली कशाला आलास? हाक मारायची न्हाईस?"

उमाकांतनं पत्र पुढं केलं. शशीनं हात विजारीला पुसून ते घेतलं आणि सावकाश वाचलं.

"गाळण्या बसवल्या," तो म्हणाला. "पाण्याचा फवारा बसवला. तुझ्या जिन्याला दार बसवलं. आणखी काय करू?"

"यंत्र म्हणतंय रे, तरी धूळ येतीय."

"तुला दिसतीय काय धूळ?"

"मला काय दिसणार? जे दिसत न्हाई तेच तर ते बघतंय."

शशीनं पत्राची नीट घडी घातली. "दादा, किडनी मागितलीस, दिली. आता माग मागतोस."

"मी मागितली नव्हती किडनी. तूच..." उमाकांत अडखळला. मग त्याला वाटलं आपण मोठं समजुतीचं बोलतोय, आणि तो म्हणाला, "तुझीच किडनी वाचवायला सांगतोय."

"ती तुझी. दिल्यावर माझी कसली?" शशी म्हणाला आणि पत्र परत दिलं. "बघतो काय ते."

असले जुने माग चालवायला कुणी घेत नाही. भंगारवाल्यानं माणसं लावली आणि दोन दिवसांत आठही माग सुटे करून ट्रकमध्ये चढवले. उमाकांत गच्चीच्या कठड्याशी बसून बघत होता, पायाशी पारवे कण्या टिपत होते. पाच नंबरचा माग त्याला लांबूनही ओळखू आला. त्याच्या डाव्या बाजूचा पोचा त्यानंच ठोकून सरळ केला होता, बाविसाव्या वर्षी, आणि वडील म्हणाले होते, "जमतंय की." शशी ट्रकपाशी उभा होता. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता घर इतकं शांत होतं की पाण्याच्या टाकीचा थेंब ऐकू येत होता.

"सुप्रभात, उमाकांतजी. आज तब्येत कशी आहे?"

"कणकण आहेच की अजून."

"नोंद घेतली. खोली ओल्या फडक्यानं पुसून घ्या."

आयुष्यात पहिल्यांदा उमाकांतला यंत्राचा राग आला. "अगं बये," तो ओरडला, "आता काय उरलंय पुसायला?" ओरडल्यानं डोक्यात अशी कळ गेली की तो भिंत धरून खाली बसला.

तिसऱ्या दिवशी शशी वर आला. शेडची किल्ली द्यायला. जागा आता रिकामीच होती, भाड्यानं द्यायची की काय ते दादानं ठरवावं, एवढं बोलून त्यानं किल्ली पुढं केली. उमाकांतनं हात पुढं केला. बोटांना बोटं लागली आणि शशी थबकला.

"हात कसा लागायलाय तुझा."

"कसा म्हणजे?"

शशीनं पालथा हात उमाकांतच्या मानेला लावला, त्यांची आई लावायची तसा, कानाच्या खाली. "ताप न्हाई म्हणायला. पण कणकण हाय तुला."

"आहे की. दीड महिना झाला."

"दीड महिना!" दारात उभी असलेली शैलजा किंचाळलीच. "आणि मला रोज बरं आहे, बरं आहे सांगता?"

"राखणला सांगतोय ना. रोज सांगतोय."

"काय सांगतोस?" शशीनं विचारलं.

"हेच. कणकण आहे म्हणून."

"मग ती काय म्हणती?"

"खोली पूस म्हणती. धूळ आहे म्हणती."

शशीचे ओठ हलले, एखादा हिशेब तपासावा तसे. "कणकण," तो पुटपुटला. "कण. कण." आणि मटकन पायरीवर बसला.

"काय झालं?"

"दादा, तू तापाचं बोलत होतास रे." त्यानं भिंतीवरच्या स्पीकरकडं बोट केलं. "आणि ते मढं धुळीचे कण मोजत होतं."

उमाकांतला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याची नजर आपोआप हातातल्या शेडच्या किल्लीकडं गेली. त्याला तोंड लपवावंसं वाटलं, आणि लपवायला जागा नव्हती. शशी तोवर उठलाही होता. "वहिनी, गाडी बोलवा," तो म्हणाला. "मिरजेला जायचं. आत्ता."

उमाकांतवर उपचार करणाऱ्या डॉक्टर तहसीन मुजावर मिरजेच्याच. त्यांनी राखणच्या नोंदी उघडल्या. त्रेचाळीस दिवस, त्रेचाळीस वेळा 'धूळ'. लढाईची खूण एकदाही नाही, ताप एकदाही नाही, सगळं हिरवं. मग त्यांनी मूळ आवाज लावला. खोलीत उमाकांतचा आवाज घुमला, जरा कणकण वाटतीय. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. बुरशी निघाली, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेली.

"ही हवेतून फुप्फुसात जाते आणि तिथून हळूहळू डोक्यात," डॉक्टर म्हणाल्या. "चांगल्या तब्येतीच्या माणसाला काही होत नाही. सुताच्या धुळीत ही नसते. पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेत असते. घराजवळ पारवे आहेत का?"

शैलजा आणि शशी दोघांनी एकदम उमाकांतकडं पाहिलं.

"पाळलेले नाहीत," उमाकांत म्हणाला.

शशी उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत उभा राहिला.

डॉक्टरांनी पुढचं सरळ सांगितलं. बुरशीवर औषध आहे, ते आजपासून शिरेतून सुरू. पण नुसत्या औषधानं भागणार नाही, शरीरालाही लढावं लागेल. म्हणजे पंपाचं औषध निम्म्यावर आणायचं. तसं केलं की शरीर किडनीवर उलटू शकतं. किडनी जाऊही शकते. तेव्हा संमतीची सही लागेल.

"नाही," उमाकांत म्हणाला.

"काय नाही?"

"औषध कमी करायचं नाही. बुरशीचं काय व्हायचं ते होऊ दे." त्याला बोलताना धाप लागत होती, डोळ्यांपुढं डॉक्टर दोन-दोन दिसत होत्या. "माझ्या एका शब्दापायी ह्याचे माग गेले. वडलांचे माग. आता ह्याची किडनीपण घालवून बसू? कुठल्या तोंडानं बघू ह्याच्याकडं?"

शैलजा रडायला लागली. डॉक्टर काही बोलणार तोच शशी खिडकीपासून वळला.

"सही कर."

"शशी, तू..."

"दिलेली वस्तू मी परत मागत न्हाई, हे तुला एकदा सांगितलंय." त्यानं टेबलावरचा कागद उमाकांतपुढं सरकवला. "तू मेलास तर ती पण तुझ्यासंगट जळणार. एवढं तरी कळतंय का, जॉबर?"

उमाकांतनं सही केली. अक्षर वाकडं आलं, पण चाललं.

हॉस्पिटलात पाच आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात राखणच्या नोंदींच्या पडद्यावर शशीच्या डीएनएची रेघ वर चढायला लागली, म्हणजे किडनीच्या पेशी मरत होत्या. शशी रोज संध्याकाळी येऊन ती रेघ बघायचा. आपलंच काहीतरी मरतंय आणि ते असं लाल रेघेत दिसतंय, हा प्रकार त्याला चमत्कारिक वाटायचा, पण तसं तो कुणाला बोलला नाही. चढायला लागल्यापासून नवव्या दिवशी रेघ थांबली आणि मग उतरली. बुरशी हटली. किडनीचं दोनतृतीयांश काम शाबूत राहिलं. डॉक्टर मुजावर म्हणाल्या, जपलंत तर बरीच वर्षं पुरेल.

पारव्यांसाठी गच्चीवर जाळी बसली, आणि राखणच्या स्पीकरशेजारी खरोखरची धूळ ओळखणारी एक डबी. कंपनीचं पत्र आलं: 'कणकण' या शब्दाची नोंद आता 'संसर्गाची शक्यता, तातडीचे' अशी होईल, आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आभार. हजारो मराठी रोग्यांना त्याचा उपयोग होणार होता, आणि तो पुढं झालाही. माग भंगारात गेल्याचा त्यात उल्लेख नव्हता. कंपनीला तरी ते कुठून माहीत असणार?

शशी आता पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला जायचा. रात्रपाळीवरून सकाळी सुटला की घरी जायच्या आधी जिना चढून वर यायचा. बोलायचा नाही. पालथा हात दादाच्या मानेला लावायचा, क्षणभर थांबायचा, "न्हाई" म्हणायचा आणि खाली उतरायचा. राखणचे सगळे दिवे हिरवे असले तरी त्याचा हा नेम चुकला नाही. उमाकांतनंही आता 'बरं आहे' म्हणणं सोडलं होतं. असेल ते सांगायचा, शैलजाला, शशीला, सगळ्यांना. कधीकधी जास्तच सांगायचा.

श्रावणातल्या एका सकाळी त्यानं धीर केला. शशीचा हात मानेवर असतानाच म्हणाला, "शशी, मागांचं माझ्या हातनं..."

"गप बस. कळू दे आधी."

हात थोडा जास्तच वेळ मानेवर राहिला.

"न्हाई," शशी म्हणाला आणि उतरून गेला.

त्याच्या सदऱ्याच्या बाहीवरचा सुताचा एक पांढरा पुंजका उमाकांतच्या खांद्यावर राहिला होता. भिंतीवरून राखण बोलली, "उमाकांतजी, धूळ आढळली आहे. कृपया पुसून घ्या."

या खेपेला तिचं मराठी बिनचूक होतं. उमाकांतनं खांद्याकडं पाहिलं.

"असू दे," तो म्हणाला. "भावाची आहे."